पाचही जिवंत

जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकाशेजारी एक निळी पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : 'या केंद्राच्या राखण-हौदात गेल्या अकरा वर्षांत एकही मासा दगावलेला नाही. आपलं पाणी निर्धोक आहे.'

वाक्यं दोन, आणि दोन्ही छातीठोक. पाटी रंगवणाऱ्याकडून काही चूक झाली नव्हती. काना-मात्रा जागच्या जागी होत्या. अडचण एवढीच, की राखण-हौदात ठेवतात ते बोटभर लांबीचे रुपेरी मासे फार तर चार-पाच वर्षं जगतात. ही माहिती शाळेच्या पुस्तकात चित्रासकट दिलेली आहे. म्हणजे पाटी खरी मानायची, तर ज्या अमृतासाठी देवांना समुद्र घुसळावा लागला, ते या पाच माशांना सरकारी पाण्यात बसल्या जागी मिळालं होतं! शहरातली माणसं रोज ही पाटी वाचून पुढे जात. एवढा साधा हिशेब कुणालाही सुचला नव्हता. मोठी माणसं पाट्या वाचतात, तपासत नाहीत.

टिटवी मात्र आज त्या पाटीसमोर हिशेब करत उभी होती. टिटवी हे तिचं शाळेतलं नाव नव्हे. वर्गात साप निघो की झुरळ, पहिली आरोळी तिची. त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. आज ती ओरडत नव्हती. जे तिला ओळखत होते, त्यांनी एवढ्यावरूनच घाबरायला हवं होतं.

तिचे वडील याच फाटकासमोर हातगाडीवर लिंबाचं सरबत विकत. या आठवड्यात खालच्या गल्लीत उलट्या-जुलाबांची साथ आली. घरोघर अंथरुणं पसरली. काल सकाळी केंद्राचे मोठे साहेब वार्ताहरांसमोर म्हणाले, "पाणी शुद्ध आहे. आमचे मासे साक्षीला आहेत. दोष सरबताचा आहे." दुपारी गाडी जप्त झाली आणि बाबांना पोलीस चौकीत नेऊन बसवलं. उद्या सकाळी आरोग्य निरीक्षक बाई केंद्र तपासायला येणार होत्या. पाणी निर्दोष ठरलं, की बाबा दोषी ठरणार आणि तुरुंगात जाणार. तराजूला दोनच पारडी होती, आणि त्यांतल्या एकात आधीच पाच मासे घालून ठेवलेले होते.

"सरबताचा दोष म्हणे!" शेजारी उभा असलेला घोरपड म्हणाला. हा केंद्रातल्या फिटरचा मुलगा. कसलीही भिंत असो, तो तिला चिकटला की वरच पोचायचा. "मग शिंप्याच्या बाळाचं काय? त्याला अजून दात आलेले नाहीत. ते काय गाडीवर येऊन 'एक ग्लास द्या, बर्फ कमी' म्हणालं?"

"मीही सरबत पीत नाही," आजोबा गंभीरपणे म्हणाला. आजोबा दहा वर्षांचा होता. पण गळ्यातला मफलर उन्हाळ्यातही सुटत नसे, आणि बोलणं पेन्शनीत निघालेल्या माणसासारखं. "माझ्या घशाला सोसत नाही. तरी दोन दिवस आडवा होतो."

"हे साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं की! म्हणाले, लहानांनी मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये. मी म्हटलं, तोंड घालत नाहीये, पोटाचं सांगतोय."

"मग?"

"मग शिपायाने मला दाराबाहेर ठेवलं. फार आदराने. काखेत धरून."

घोरपड फसकन हसला. टिटवी हसली नाही.

"चला आत," ती म्हणाली. "साहेब म्हणतात मासे साक्षीला आहेत. साक्षीदारांना भेटून तर येऊ!"

सुट्टीच्या दिवसांत शाळकरी मुलांना हौद फुकट बघता येत असे. आतली खोली लांबट, थंड आणि हिरवट उजेडाची होती. नदीतून खेचलेलं पाणी शहराकडे जाण्याआधी एका काचेच्या हौदातून जाई. त्या हौदात पाच मासे असत. पाण्यात विष उतरलं तर माणसाआधी मासा मरतो, म्हणून नियम असा होता : एक जरी मासा पोट वर करून तरंगला, तरी झडप पाडायची, घंटा वाजवायची आणि पाणी तपासून निर्दोष ठरेपर्यंत शहराला थेंबभरही सोडायचं नाही. मासा म्हातारा होता का, आजारी होता का, असल्या चौकशा करत बसायचं नाही. नियम जुना होता आणि साधा होता, म्हणूनच अतिशय गैरसोयीचा होता.

हौदाची राखण हौदकाकांकडे होती. उंच, खांद्यात वाकलेले, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. रोज सकाळी ते हौदाच्या दगडी कठड्यावर तळहात टेकवत आणि खणखणीत आवाजात पुकारत, "पाचही जिवंत!" मग पंप घरघरायला लागत. भिंतीपलीकडच्या वस्तीत त्या हाकेसरशी लोक चुलीवर दूध चढवत. टिटवीने जन्मापासून ती हाक ऐकली होती.

"बाबा सांगतात," घोरपड कुजबुजला, "त्या कठड्यावर हात ठेवून आजवर कुठलाही हौदवाला खोटं बोललेला नाही. पहिल्या हौदवाल्यापासूनची शपथ आहे ती."

टिटवीने काचेला नाक लावलं. मासे वळले, चमकले, पुन्हा वळले. तिने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, मग हौदाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं.

"शेपूटतुटका कुठे आहे?"

"कोण?"

"अर्धी शेपूट नसलेला! बाबांना पाणी भरू लागायला मी रोज आत येते ना, तेव्हा पहिला तोच काचेशी येतो. परवा होता!"

"शेपूट उगवली असेल," आजोबा म्हणाला. "माशांची उगवते, असं वाचलंय मी."

"दोन दिवसांत? आणि डोळ्यावरचा काळा डाग? तोही धुऊन निघाला?"

तिघं काचेशी वाकले. मासे मोजले. पाचच होते. नीट, तुकतुकीत, एकाच्याही अंगावर ओरखडा नसलेले. आज बाजारातून आणल्यासारखे.

"काका!" टिटवीने हाक मारली. "शेपूटतुटका दिसत नाही तो!"

हौदकाकांच्या हातातली जाळी पाण्यात पडली. ती काढायला ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"बाहेर व्हा, पोरांनो. बंद करायची वेळ झाली."

"आत्ता? अजून दुपारसुद्धा झाली नाही!"

"म्हटलं ना, बाहेर व्हा!"

आवाज रागाचा नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. बाहेर पडता पडता टिटवीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. दिवसभर ज्याचे हात पाण्यात असतात, त्या माणसाच्या नखांत काळी, ओली माती होती.

"माती," ती रस्त्यावर येताच म्हणाली. "या केंद्रात तर सगळीकडे फरशी आहे. माती कुठून आली?"

उत्तर आजोबाने दिलं नाही आणि घोरपडीनेही दिलं नाही. ते कावळ्यांनी दिलं. पंपघराच्या मागे जुन्या गोदामाची उंच भिंत होती, आणि तिच्यावर कावळे ओळीने, अगदी गप्प बसले होते. ते काव काव करत नव्हते. खाली, आतल्या बाजूला बघत होते.

घोरपडीने चपला काढल्या. विटांच्या फटींत बोटं रोवत तो वर गेला, भिंतीवर आडवा झाला, आणि तसाच राहिला.

"काय आहे रे?"

"तुम्हीच बघा," तो वरून म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "रस्त्याकडच्या या दाराला आतून कडी आहे. काढतो."

कडी गंजलेली होती. दार किरकिरत वीतभर उघडलं. टिटवी आणि आजोबा आत घुसले. मोडक्या पाइपांच्या ढिगामागे एक चिंचोळं अंगण होतं. शहराचा सगळा गोंगाट भिंतीपलीकडे राहिला होता. इथे फक्त ओल्या मातीचा आणि त्याखाली दडलेल्या कसल्याशा सडक्या गोष्टीचा वास होता. मधोमध गुडघाभर उंचीचा काळा दगड उभा होता. त्याच्यावर एक मासा कोरलेला होता. पहिल्यांदाच कोरणाऱ्याच्या हातचा असावा तसा, ओबडधोबड. पण खवलान् खवला मायेने काढलेला. खाली अक्षरं होती. टिटवीने शेवाळ बोटाने खरवडलं आणि वाचलं :

'ही म्हातारी. हौदात राहिली, माझ्या हातून खाल्लं. ती पोट वर करून तरंगली त्या सकाळी मी कुणाला न विचारता पाणी बंद केलं. नदीत विष होतं. शहर वाचलं. तिच्यामागून जो राखणदार मरेल, तो इथेच येईल.'

"माशाची कबर!" आजोबाने मफलर घट्ट केला. "माणसांची पाहिली आहे, कुत्र्याचीही ऐकली आहे. पण माशाची?"

"एकाच माशाची नाही," घोरपड म्हणाला. "तेच तर मी वरून पाहिलं."

दगडापासून भिंतीपर्यंत मातीचे लहान लहान उंचवटे होते, वीतभर लांब. प्रत्येकाच्या डोक्याशी एकेक पांढरा गोटा. भिंतीकडचे उंचवटे जुने होते. त्यांच्यावर गवत उगवून ते बसले होते, आणि एकमेकांपासून दूर दूर होते. दगडाच्या जवळ येता येता ते दाट होत गेले होते. सगळ्यात अलीकडचे तर दाटीवाटीने, एकमेकांना चिकटून. त्यांच्यावर गवताची काडीसुद्धा नव्हती. माती अजून ओली होती.

टिटवी गुडघ्यांवर बसली. शेवटच्या उंचवट्याची माती तिने हाताने बाजूला केली. खाली स्वच्छ फडक्याची छोटीशी घडी होती. ती उलगडायची नाही, असं तिच्या मनात आलं. तरी तिने उलगडली. अर्धी शेपूट. डोळ्यावर काळा डाग.

"एकही मासा दगावलेला नाही," आजोबा पाटीवरचं वाक्य पुटपुटला. या वेळी त्याचा आवाज खरोखरच दहा वर्षांच्या मुलासारखा आला.

"आणि बघा ना," टिटवी हळू म्हणाली, "आधी कधीमधी एखादा मरत होता. आता रोज मरताहेत. म्हणजे पाणी—"

पंपघराच्या बाजूच्या दुसऱ्या दाराबाहेर बूट वाजले. तिने घडी पुन्हा मातीत ठेवली, तिघांनी पाइपांच्या ढिगामागे उड्या टाकल्या आणि श्वास रोखले. आत आले ते मोठे साहेब, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात; मागे हौदकाका.

"हे काय मांडलंय? मी कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं!"

"राखणदार कचऱ्यात टाकत नाहीत, साहेब. दगडावर लिहिलंय."

"दगड वाचायचा पगार मिळतो का तुम्हाला?"

साहेबांचा चकचकीत बूट एका उंचवट्यावर पडला. माती दबली. ढिगामागे आजोबाला उचकी येऊ लागली. घोरपडीने त्याचाच मफलर त्याच्या तोंडात कोंबला.

"साहेब, एक दिवस पाणी बंद करू या. एकच दिवस. तपासून बघू. खालच्या गल्लीत पोरं आजारी—"

"सरबताने! ते ठरलंय." साहेबांनी रुमालाने बूट पुसला. "अकरा वर्षं अखंड पाणीपुरवठा! दर वर्षीची चांदीची ढाल! आसपासच्या एका तरी शहराला जमलंय? आणि ती मी एका मेलेल्या माशासाठी घालवू? उद्या बाई यायच्या आत ही जागा सपाट हवी. सिमेंट ओतून घ्या. आणि तो दगड फोडून टाका."

"म्हातारीचा दगड?"

"म्हातारी! मासा होता तो!"

पावलं दूर गेली. टिटवीच्या कानात एकच शब्द घुमत राहिला : ठरलंय. माणसाला तुरुंगात टाकायला न्यायाधीश लागतो, साक्षी लागतात, असं तिला शाळेत शिकवलं होतं. इथे रुमालाने बूट पुसता पुसता काम झालं होतं.

"हा मासा घेऊन जाऊ या!" घोरपड म्हणाला.

"आणि दाखवून काय होणार? म्हणतील, बाजारातून आणलात. मेलेल्या माशाच्या कपाळावर नाव लिहिलेलं नसतं. आधी चौकीत चला," टिटवी म्हणाली.

चौकीतल्या हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "मासे मेलेत? पण पाटीवर तर लिहिलंय, एकही मेला नाही म्हणून!" पाटीपुढे त्यांचं काही चालत नव्हतं.

बाकावर आई बसून होती. सकाळपासून तिने तिथून हलायचं नाव काढलं नव्हतं. "हातांना माती कसली गं ही?" तिने पदराने टिटवीचे हात पुसायला घेतले. "तू तरी नीट राहा, बाई. एकाची चिंता पुरे आहे मला."

गजांपलीकडे बाबा उभे होते. एका दिवसात ते पाहुण्यासारखे अवघडलेले दिसू लागले होते.

"सरबतात मी घालतो काय?" ते म्हणाले. "लिंबू, साखर, मीठ. आणि पाणी त्यांच्याच नळाचं."

"बाबा, ते पाणी पिऊ नका! अजिबात नको!"

"मग काय पिऊ, टिट्या? इथे दुसरं काय मिळतंय?" बाबा हसायचा प्रयत्न करत म्हणाले. त्यांच्या हातातला पेला अर्धा रिकामा झालेला होता.

त्या संध्याकाळी घोरपड आजारी पडला. त्याची आई दारातच म्हणाली, "आत येऊ नका. सारख्या उलट्या होताहेत." टिटवी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आतून त्याचा कण्हण्याचा आवाज येत होता. बाबांची गाडी चौकीच्या अंगणात साखळीने बांधलेली होती. बाबा गजांआड होते. मग घोरपडीला सरबत पाजलं कुणी?

पलीकडे, केंद्राच्या भिंतीआड, सिमेंट कालवण्याचा खरखर आवाज अंधार पडेपर्यंत चालू होता.

सकाळी फाटकाशी गर्दी होती. रखवालदाराने हात आडवा धरला. "आज मुलांना बंदी! निरीक्षक बाई यायच्या आहेत."

बाई आल्याही. ठेंगण्या, करड्या केसांच्या, खांद्याला जड पिशवी. साहेबांनी पुढे केलेल्या फुलांकडे त्यांनी पाहिलंही नाही. टिटवीने तोंड उघडलं. शहराला ऐकू जाईल अशा आवाजाच्या मुलीला नेमका आजच आवाज फुटेना! तेवढ्यात आजोबा मफलर सावरत गर्दीतून पुढे झाला.

"नमस्कार, बाई. मी रुग्ण आहे."

"कसला?"

"याच साथीचा. साथीची तपासणी आहे ना? मग रुग्णाशिवाय कशी होणार? म्हणजे नवरदेवाशिवाय वरात काढल्यासारखं नाही का ते?"

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. "बरोबर आहे. चल आत. आणि ही कोण?"

"ही माझी नर्स," आजोबा म्हणाला. "हिच्याशिवाय मला चक्कर येते."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण बाई पुढे चालू लागल्या होत्या.

हिरवट उजेडाच्या त्या खोलीत साहेब बराच वेळ बोलले. परंपरा, दक्षता, ढाल. प्रत्येक वाक्य घासूनपुसून ठेवलेलं. शेवटी त्यांनी हौदकाकांना खूण केली. काका पुढे आले. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसावा. त्यांच्या बुटांवर वाळलेलं सिमेंट होतं. त्यांनी कठड्यावर तळहात ठेवला.

"पाचही जिवंत."

साहेब बाईंकडे वळून हसले. पंप सुरू करायला तिथल्या कामगाराने खटक्याकडे हात नेला. आणि टिटवीला एकदम कळलं, की काका अकरा वर्षं एकदाही खोटं बोललेले नाहीत! पाच होते. पाचही जिवंत होते. शब्दन् शब्द खरा. कुणी पुढचा प्रश्नच विचारला नव्हता.

"काका!" तिचा आवाज फुटला, तो असा, की काचेतले मासेसुद्धा चमकून वळले. "तेच पाच का?"

"कोण आहे ही मुलगी? बाहेर काढा तिला!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "प्रश्न चांगला आहे. उत्तर ऐकू या."

खटक्यावरचा हात तिथेच थांबला. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. हौदकाकांना हात उचलता आला असता. हात उचलला असता, तर खोटंही बोलता आलं असतं. त्यांनी हात उचलला नाही.

"ऐकू कमी येतं हो त्यांना," साहेब घाईने म्हणाले. "वय झालं."

"काका, शेपूटतुटका या पाचांत आहे का?"

"नाही," हौदकाका म्हणाले.

"मग कुठे आहे?"

"मागे. म्हातारीपाशी."

"मागे काही नाही!" साहेबांचा आवाज चढला. "गोदाम आहे. काल नवी जमीन केली आहे; सिमेंट अजून ओलं आहे. बाई, आपले पाय उमटतील."

"उमटू देत," बाई म्हणाल्या.

दार उघडलं. उंचवटे नाहीत, गवत नाही, माती नाही. भिंतीच्या दाट सावलीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत करड्या सिमेंटचा सपाट पडदा. बाबांच्या बाजूने बोलू शकले असते असे सगळे साक्षीदार त्याच्याखाली गाडले गेले होते. साहेबांनी सुस्कारा सोडला. तो मोठ्याने ऐकू आला.

मग सूर्य भिंतीच्या वर आला. ऊन आडवं पडलं आणि सिमेंटवर काहीतरी चमकलं. एक पांढरा गोटा. त्याच्यापलीकडे दुसरा. मग अनेक. ओल्या सिमेंटमध्ये कुणीतरी प्रत्येक उंचवट्याच्या जागी एकेक गोटा अंगठ्याने दाबून बसवला होता. प्रत्येकाभोवती अंगठ्याचा ठसा होता. भिंतीकडे ते विरळ होते. दगडाकडे येता येता त्यांची दाटी झाली होती. काल मातीत लिहिलेलं सगळं आज दगडासारखं पक्कं होऊ लागलं होतं. आणि मधोमध म्हातारीचा दगड उभा होता. त्याचा टवकाही उडाला नव्हता.

"मी सपाट करायला सांगितलं होतं!" साहेब ओरडले.

बाई शांतपणे त्यांच्याकडे वळल्या. "काय सपाट करायला?"

साहेबांनी रुमाल काढला. घासूनपुसून ठेवलेल्या वाक्यांपैकी एकही कामाला येईना.

"सपाट केलं, साहेब," हौदकाका खाली बघत म्हणाले. "पण खूण ठेवली. कोण कुठे आहे ते कळायला नको?"

बाई दगडापाशी बसल्या. दगडावरची अक्षरं त्यांनी दोनदा वाचली. मग त्या दाटीतल्या गोट्यांवरून नजर फिरवत म्हणाल्या, "हे कधीचे?"

"याच महिन्यातले."

"आणि तुम्ही रोज 'पाचही जिवंत' म्हणत राहिलात."

हौदकाकांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. टिटवीला त्यांची दया आली आणि त्याच वेळी घोरपडीचं कण्हणं आठवलं. मग तिला दया करावी की करू नये हे कळेना, आणि तिने दुसरीकडे पाहिलं.

"घंटा कुठे आहे?" बाई उठत म्हणाल्या. "झडप पाडा. पोरी, दोर तू ओढ. तुला आवाज काढता येतो, हे मी ऐकलंय!"

घंटेच्या दोरावर धूळ जमली होती. टिटवी दोन्ही हातांनी त्याला लोंबकळली. पहिला ठोका पडला तेव्हा भिंतीवरचे कावळे एकदम उडाले. दुसऱ्या ठोक्याला वस्तीतल्या खिडक्या उघडल्या. शहरातले नळ फुसफुसले आणि कोरडे झाले. लोक ओरडले, चिडले, बादल्या घेऊन रस्त्यावर आले. पण त्या दिवशी कुणी नवा आजारी पडला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नदीच्या वरच्या अंगाला रंगाच्या कारखान्याचं गटार फुटलेलं सापडलं. ते महिनाभर गुपचूप नदीत झिरपत होतं.

बाबा दुपारी सुटले. हवालदारांनी स्वतः गाडीची साखळी सोडली, आणि बाबांशी बोलताना त्यांना मिशीवर बोट फिरवायचं सुचलं नाही. घोरपड आठवडाभर पेज पिऊन उठला आणि उठल्या उठल्या म्हणाला, "मजा तुम्ही केलीत, उलट्या मी केल्या!" आईने टिटवीला जवळ घेतलं, काही बोलली नाही, आणि मग दिवसभर शेजारणींना एवढं बोलली की घसा बसला. बाईंनी भरल्या सभेत तिन्ही मुलांना पुढे बोलावलं. "या हौदावर पाहुणे आले, अधिकारी आले, ढाली आल्या," त्या म्हणाल्या. "पण 'तेच का?' एवढं विचारायला ही मुलगी यावी लागली. तिचं मला कौतुक वाटतं. आपली सगळ्यांची लाज वाटते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणत्या वाक्याला वाजवल्या, ते कुणी विचारलं नाही.

मोठ्या साहेबांचं निवेदन बाईंनी त्यांच्यासमोर बसून उतरवून घेतलं. एकही शब्द बदलला नाही. ते असं :

"पहिला मासा मेला तेव्हा मला वाटलं, म्हातारपणाने मेला असेल. एका म्हाताऱ्या माशासाठी सबंध शहराचं पाणी बंद करणं मला हास्यास्पद वाटलं, म्हणून मी दुसरा आणवला. पाणी तपासलं नाही. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या वेळी विचारही करावा लागला नाही. पुढे मासे कशाने मरतात हे विचारणं मी सोडून दिलं, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. या महिन्यात ते भराभर मरू लागले तेव्हा मला कळलं होतं. सरबतवाल्याचा काही संबंध नाही, हेही मला माहीत होतं. तो फाटकासमोर उभा असे, म्हणून त्याचं नाव सुचलं. मासा मेला तर पाणी बंद करायचं, असा नियम होता. आम्ही पाणी चालू ठेवलं आणि मासा बदलला."